निकॉन डी७५०० की कॅनन ९०डी? गोव्यात पक्षी आणि उत्सवी नाटकं काढायला कोणता कॅमेरा घेऊ?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याच्या बाजूला राहता, सुट्टीला खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) आणि करमळीच्या तळ्यावर पक्षी काढायचे आहेत, जत्रांच्या दिवसांत देवळातले काले (जत्रेतला रात्रीचा नाट्यप्रकार) आणि नाटकं, शिवाय अधूनमधून पालखीचा व्हिडिओ. मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) बजेटात बसत नाही, म्हणून या दोनांतला एक.

डी७५०० घ्या आणि त्याला निकॉनची २००-५०० मिमी एफ ५.६ लेन्स जोडा. व्हिडिओ तुमच्या यादीत शेवटी आहे म्हणून हे सांगतोय. तो पहिला असता तर डोळे मिटून ९०डी म्हटलं असतं. मी स्वतः डी७५०० वापरतो, ९०डी माझ्या मित्राकडे आहे. आम्ही बहुतेक वेळा बरोबरच जातो आणि दोघांच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फायली एकाच संगणकावर शेजारी शेजारी उघडून बघतो.

कागदावर ९०डी पुढे दिसतो, आणि ते खोटं नाही. तो २०१९चा, डी७५०० २०१७चा. त्याचे ३२.५ मेगापिक्सेल, याचे २०.९. तो सेकंदाला १० फोटो काढतो, हा ८. त्याचे ४५ फोकस पॉइंट सगळे क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे), निकॉनच्या ५१ पैकी फक्त मधले १५. बॅटरीही त्याची जास्त चालते. मेमरी कार्डाची खाच मात्र दोघांनाही एकच.

आता पक्ष्यांचं बघू. मेगापिक्सेलचा मुद्दा इथे खरोखर कामाला येतो, तो झटकून टाकू नका. ९०डीचे पिक्सेल इतके दाट आहेत की ४०० मिमी लेन्सने काढलेल्या पक्ष्यावर जितके पिक्सेल पडतात, तितके पाडायला डी७५००ला साधारण ५२५ मिमी लागतात. म्हणजे कॅननची जुनी ४०० मिमी एफ ५.६ एल लेन्स लावली तर सव्वा किलोत काम भागतं. निकॉनची २००-५०० ट्रायपॉडच्या कॉलरसकट २.३ किलोची आहे. मोलेच्या किंवा बोंडल्याच्या रानात तासन्‌तास चालायचं असेल तर हा फरक खांद्याला चांगलाच कळतो.

पण त्या ४०० मिमीत स्थिरीकरण नाही, आणि दाट पिक्सेलांना हाताची थरथर लगेच दिसते. उघड्या खाजणात, सकाळी आठनंतरच्या उन्हात, मानशीच्या (खाजणाच्या पाणी अडवणाऱ्या दाराच्या) खांबावर बसलेला खंड्या काढायला काही अडचण नाही, १/१६००चा शटर सहज मिळतो. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या मागे गेलात की तोच हिशोब फिरतो. दाट झाडीखाली भर दुपारीसुद्धा इतका अंधार असतो की आयएसओ ३२०० लावूनही शटर १/१६०च्या वर जात नाही. तिथे २००-५००चं व्हीआर (निकॉनचं स्थिरीकरण) आणि एखादा मोनोपॉड असेल तर बसलेल्या पक्ष्याचा डोळा धारदार येतो. कॅननमध्ये असंच हवं तर १००-४००ची दुसरी आवृत्ती आहे, लेन्स अप्रतिम आहे, पण तिची किंमत तुमचं गणित मोडेल. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० दोन्ही कॅमेऱ्यांसाठी मिळतात, त्या लांबच्या टोकाला एफ ६.३ होतात, म्हणजे उजेड थोडा कमी घेतात. त्या पैशांत ५०० मिमीपर्यंत एफ ५.६ कायम ठेवणारी दुसरी लेन्स मला तरी माहीत नाही. माझा कौल निकॉनकडे झुकतो तो मुख्यतः या एका लेन्समुळे.

आणि मग काल्याची रात्र. रंगमंचावर संकासूर (काल्यातला राक्षस) आला की कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. अंगावर काळा झगा, मागे गडद पडदा, तोंडावर काळा मुखवटा आणि त्यातून लोंबणारी लालभडक जीभ. वरून दोन हॅलोजनचा उजेड थेट जिभेवर. जीभ जळू नये म्हणून एक्स्पोजर खाली ठेवावं लागतं आणि झग्याच्या चुण्या नंतर संगणकावर वर काढाव्या लागतात. इथे डी७५००चा सेन्सर, जो निकॉनने डी५००मध्येही वापरलाय, सावल्या फार स्वच्छ देतो. दोन-अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलल्या तरी चुण्या चुण्याच राहतात. मित्राच्या ९०डीच्या फाइलीत तेवढ्याच उचलीला काळ्यात रंगीत दाणे जास्त दिसतात. छापून लहान केले तर फरक बराच बुजतो हेही खरं. शिवाय निकॉनला हायलाइट-वेटेड मीटरिंग (सगळ्यात उजळ भाग बघून एक्स्पोजर ठरवणं) आहे. काळ्या रंगमंचावर उजळलेला एकच चेहरा असेल तेव्हा ते लावा, चेहरा पांढराफटक होत नाही.

रात्रीसाठी वेगळी महाग लेन्स नको. ३५ मिमी एफ १.८ डीएक्स किंवा ५० मिमी एफ १.८ पुरे. पुढच्या रांगेत बसलात तर ५० मिमीत एक नट कमरेपासून वर नीट येतो. डी७५००ला स्वतःची फोकस मोटर आहे, म्हणून जुनी ८५ मिमी एफ १.८डी सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळाली तर तीही चालेल. ट्यूबलाइटखाली फ्लिकर रिडक्शन (दिव्याच्या लुकलुकीचा परिणाम टाळणारी सोय) चालू ठेवा, ते दोन्ही कॅमेऱ्यांत आहे. नाटक चालू असताना फ्लॅश मात्र कुठल्याच कॅमेऱ्यातून मारू नका. नटाच्या डोळ्यांवर येतो आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा रसभंग होतो.

व्हिडिओत डी७५०० कमजोर आहे. फोर-केला तो चित्र कापतो, १८ मिमी लावली तरी साधारण ४० मिमीसारखं दिसतं. सभामंडपातून पालखी येतेय आणि तुमच्या पाठीला भिंत लागलीय, तर ते पुरत नाही, फुल एचडीवर यावं लागतं. लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) फोकसही चाचपडत राहतो. ९०डी सेन्सरच्या पूर्ण रुंदीत फोर-के देतो, ड्युअल पिक्सेल फोकस चेहरा सोडत नाही आणि स्क्रीन बाजूला वळते. पालखी मोबाइलवर काढून भागणार असेल तर डी७५००, नाहीतर परत विचार करा.

दोन्ही कंपन्यांनी २०२०नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, म्हणून लेन्स पुढे चालेल का हे आजच बघायला हवं. २००-५०० निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टरने ऑटोफोकससकट चालते, वर सांगितलेली ८५ डी मात्र तिथे हाताने फोकस करावी लागेल. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स मिररलेसच्या आर माउंटवर अडॅप्टरने छान चालतात, या बाबतीत कॅनन सरस.

बॉडी सेकंडहँडच घ्या, वाचलेला पैसा लेन्सला लावा. शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत) विचारा: डी७५००चा शटर दीड लाखांसाठी तपासलेला आहे, ९०डीचा १ लाख २० हजारांसाठी. गोव्यात वापरलेली लेन्स असेल तर त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुरशी. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असो, परत द्या. आणि लेन्स घरी येण्याआधी ड्राय कॅबिनेट आणा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ते जमत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा हायग्रोमीटर. जून ते सप्टेंबर चामड्याच्या बॅगेत कपाटात ठेवलेली लेन्स इथे टिकत नाही.