एक कनेक्शन, तीन कंप्युटर

प्रश्न: आमच्या ब्रॉडबँड मॉडेमला केबल लावायला एकच जागा आहे. घरात कंप्युटर तीन, म्हणून मी एक स्विच (एका केबलला बरेच कंप्युटर जोडायचा डबा) आणला, मॉडेमची केबल त्यात घातली आणि तिन्ही कंप्युटर जोडले. पण नेट एकावरच चालतं, बाकी दोघांचे लाईट लागतात पण एकही साईट उघडत नाही. स्विच खराब निघाला का? एक जुना वायफाय राऊटरही पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर: स्विच परत करायला जाऊ नका, तो बहुतेक चांगलाच असणार. लाईट लागतायत म्हणजे केबलही बहुधा ठीक आहेत. अडचण अशी आहे की कंपनी घरच्या कनेक्शनला बहुतेक वेळा एकच आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर ओळख पटवणारा नंबर) देते आणि तो ज्या कंप्युटरने आधी मागितला त्याला मिळतो, मग बाकीचे ताटकळत बसतात. स्विच फक्त डेटा इकडचा तिकडे पोचवतो, अ‍ॅड्रेस वाटणं त्याचं काम नाही. खात्री करायची तर चालणाऱ्या कंप्युटरची केबल काढा, मॉडेम बंद करून चालू करा, आता दुसऱ्यावर नेट येईल बघा.

अ‍ॅड्रेस वाटायचं काम राऊटरचं, तेव्हा तो जुना राऊटर आता बाहेर काढाच. आधी मागचं रिसेटचं बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे जुनी सेटिंग जातील. मग मॉडेमची केबल वॅन (WAN, म्हणजे बाहेरचं नेट) लिहिलेल्या पोर्टात घाला (बऱ्याचदा त्याचा रंग वेगळा असतो) आणि लॅन (LAN, म्हणजे घरातलं नेटवर्क) पोर्टातून स्विचला केबल न्या. कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तो राऊटरमध्ये भरायचा, कंप्युटरवर नाही. आता प्रत्येक कंप्युटरला १९२.१६८ ने सुरू होणारा किंवा तसलाच घरातला वेगळा नंबर मिळेल आणि बाहेरच्या जगाला तिघं मिळून एकच दिसतील.

आणि हो, राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदला, वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्या पुढचं लॉक ठेवा, हे उद्यावर टाकू नका.

स्पीड तिघांत वाटला जातो पण सारखे तीन भाग होत नाहीत, ज्याला जेवढं लागतं तेवढं तो ओढतो. माझ्या मते खरा त्रास अपलोडचा. एकाने मोठे व्हिडिओ चढवायला घेतले की दुसऱ्याची साधी साईटसुद्धा रखडते, आणि आपण उगाच राऊटरला दोष देतो. अशी कामं रात्री लावून द्या.

जुन्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत का तेवढं बघून घ्या, कनेक्शन त्याहून वेगाचं असेल तर वरचा स्पीड वाया जाईल. पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) असूनही १०० वरच अडकलं तर केबल तपासा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, एखादी नीट बसली नसेल तर बऱ्याचदा स्पीड १०० वर येतो आणि नेट चालू राहतं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.