लेकीला खडकातलं तेल-पाणी शिकायचंय, आयटी सोडू द्यावं का?

नमस्कार,

पत्र वाचलं. तुम्ही देवगडला आंब्याचे बागायतदार, मुलगी रत्नागिरीला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, आणि आता म्हणते आयटीच्या प्लेसमेंटला बसणार नाही, एमटेक करणार, विषय काय तर सच्छिद्र खडकातून तेल, पाणी, गॅस एकत्र कसे वाहतात त्याचं सिम्युलेशन, म्हणजे कम्प्युटरवरचं मॉडेल. तुम्हाला दोन काळज्या, यात नोकरी आहे का आणि पोरीला भर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर राहायला लागेल का.

प्लॅटफॉर्मची काळजी सोडा, सिम्युलेशनवाले बहुतेक ऑफिसात कम्प्युटरसमोरच असतात.

नोकरीचं जरा नीट सांगतो. मुंबईजवळच्या समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ ला सापडलं, पण तिथलं तेल काही तळ्यासारखं साठलेलं नाही, चुनखडकाच्या बारीक छिद्रांत अडकलंय. ते बाहेर काढायला पाणी आत ढकलतात, आणि हे पाणी कधी तेलाला पुढे रेटतं तर कधी सोप्या वाटेने निसटून आधीच विहिरीत येतं, मग वर तेल कमी आणि पाणीच जास्त. कुठून किती ढकलायचं हे आधी मॉडेलवर बघतात. डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनियरचा १८५६ चा नियम वाळूतून जाणाऱ्या एकट्या पाण्याचा, दोन द्रव आले की एकाने जागा अडवली तेवढी दुसऱ्याची वाट कमी होते, तिथून खरी डोकेदुखी सुरू.

आता खरं सांगायचं तर तेल कंपन्यांत जागा मोजक्या, आणि तेलाचा भाव पडला की भरती आटते, त्यामुळे फक्त तेलाच्या भरवशावर मी कुणाला पाठवत नाही. पण हेच गणित तुमच्या जांभ्यातही चालतं हो! पावसाळ्यात छिद्रांतली हवा बाहेर, पाणी आत, आणि ते लवकर झिरपून निघूनही जातं, म्हणून एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात विहीर तळाला. भूजल, किनाऱ्यावरच्या विहिरींत शिरणारं खारं पाणी, कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवणं (नॉर्वेत स्लाइप्नरला १९९६ पासून चालू आहे), सगळीकडे याच्या जवळचीच समीकरणं. शिवाय प्रोग्रामिंग आणि न्यूमेरिकल मेथड्स (आकडेमोडीने समीकरणं सोडवायच्या पद्धती) हाताशी आल्या की दुसरीकडेही खपतात.

पण आवड खरी आहे का ते आधी बघा. तिला म्हणावं, मोठं सॉफ्टवेअर उघडून रंगीत चित्रं काढू नकोस, बकली-लेव्हरेटचा प्रश्न घे, पाणी तेलाला खडकातून कसं रेटतं त्याचा, १९४२ चा आहे, उत्तर माहितीये, पायथनमध्ये शंभर-दीडशे ओळींत होतो. पाण्याची आघाडी (तेलाला रेटत पुढे सरकणारी कड) उभी, धारदार यायला हवी आणि पहिल्यांदा ती हमखास पसरट येते, ते का हे शोधताना रात्र गेली तरी तिला मजा वाटली तर पाठवा, कंटाळा आला तर आयटी काय वाईट नाही. हे जमलं की मग एमआरएसटी नाहीतर ओपीएम ही याच कामाची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत.

आणि प्लेसमेंटला तिने बसावंच, यात मी तुमच्या बाजूने. गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, मेकॅनिकलच्याच पेपरने द्यावी, स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे एखादं वर्ष नोकरी करून मुंबई आयआयटी किंवा धनबादला अर्ज करता येतो, आणि गेटवर एमटेकला प्रवेश मिळाला की महिना १२,४०० रुपये स्टायपेंड असतो, सगळा भार तुमच्यावर येणार नाही. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचे असतात, गणपतीच्या गडबडीत तारीख चुकवू नका.