मिलग्रॅमच्या प्रयोगावरची टीका फक्त नैतिकतेची आहे, की नमुना निवडीचीही?

दोन्हीची. हुकूम मिळाला की माणूस दुसऱ्याला विजेचे शॉक देत किती पुढे जातो, हे मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमने तपासलं; शॉक प्रत्यक्षात खोटे होते. १९६१ मध्ये येल विद्यापीठात वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून माणसं बोलावली. गाजलेल्या अहवालातले ४० जण सगळे पुरुष, वय २० ते ५०. जाहिरात वाचून आपणहून येणारे लोक सगळ्या समाजाचे प्रतिनिधी कसे धरायचे? पुढे स्त्रियांवर केलेल्या फेरीतही शेवटच्या शॉकपर्यंत जाणारे पुरुषांइतकेच, ६५ टक्के निघाले, त्यामुळे तेवढा आक्षेप सौम्य होतो.

मला खरी खटकते ती फसवणूक. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे म्हणून सांगितलं. पलीकडच्या खोलीतला माणूस शॉक बसून भिंतीवर धडका देतोय असं वाटून लोकांना घाम फुटला, थरथर सुटली, तरी ‘पुढे चालू ठेवा’ हाच हुकूम. ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या शॉकपर्यंत गेले. शॉक खोटा असल्याचं कितीजणांनी ओळखलं होतं, यावर वैधतेचा वाद अजून चालू आहे.