किनाऱ्यावर कुजणाऱ्या समुद्री शेवाळावर बसणाऱ्या माश्या चावतात का? ते शेवाळ काढून टाकावं का?

चावत नाहीत, रक्तही पीत नाहीत. या शेवाळमाश्या. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर आढळणारी 'कोएलोपा फ्रिजिडा' ही त्यांतली सर्वांत अभ्यासलेली जात.

त्यांचं सगळं आयुष्य त्या ढिगाभोवतीच जातं. लाटांनी आणून टाकलेलं तपकिरी शेवाळ कुजू लागलं की जिवाणूंमुळे ढीग आतून तापतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही आत अळ्या वाढत राहतात. वरचा थर बाजूला करून पाहा, खालच्या चिकट, उबदार भागात पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतील. त्या जिवाणू आणि मऊ झालेलं शेवाळ खातात.

खरी शर्यत वेळेशी असते. पुढच्या उधाणाच्या भरतीत अख्खा ढीग वाहून जाऊ शकतो, त्याआधी माशी बाहेर पडायला हवी. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: मोठ्या नरांना माद्या जास्त मिळतात, पण त्यांना वाढायला वेळही जास्त लागतो. म्हणून लहान, लवकर तयार होणारे नरही टिकून राहिले आहेत. हा फरक मुख्यतः एका गुणसूत्राच्या उलटलेल्या तुकड्यामुळे पडतो. चपट्या, केसाळ अंगावर पाणी ठरत नाही, त्यामुळे लाटेखाली गेलेली माशीही कोरडीच वर येते.

शेवाळ सरसकट काढू नका. किनाऱ्यावरचे पक्षी या अळ्या-माश्यांवर पोट भरतात, शिवाय ढिगांमुळे वाळू अडते. फारच त्रास होत असेल तर वर्दळीच्या पट्ट्यापुरतं हटवा, बाकीचं राहू द्या.