डोळा मिटत नाही, तर बिघाड मेंदूत की नसेत?

प्रश्न : वडील 62 वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. तोंड उजवीकडे ओढलं गेलं, डावा डोळा मिटेना. भावकीतले म्हणाले, वारं गेलं. डॉक्टरांनी मात्र भुवया वर करायला आणि डोळे मिटायला सांगितलं, हातपाय तपासले आणि ‘मेंदूचं नाही, नसेचं आहे’ म्हणाले. एवढ्यावरून कळतं का? डोळा अजून पूर्ण मिटत नाही. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कळतं, आणि बऱ्यापैकी खात्रीनं कळतं. पापणी मिटवणारा स्नायू डोळ्याभोवती कड्यासारखा असतो. त्याला हुकूम पोचवते सातवी नस, म्हणजे फेशियल नर्व्ह. ती मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागातल्या, ‘पॉन्स’मधून निघते आणि कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येते. पॉन्समधल्या ज्या पेशी कपाळ आणि पापण्या हलवतात, त्यांना मोठ्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. तोंडाचा कोपरा हलवणाऱ्या पेशींना मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच येतो. म्हणून मोठ्या मेंदूच्या एका बाजूला पक्षाघाताचा झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या पडतात आणि डोळा बहुधा मिटतो. नसच सुजली तर वरचं-खालचं सगळंच बंद पडतं. वडिलांचं तसं झालं.

पापणी लुळी पडली तर ती खाली का पडत नाही, असंही अनेकांना वाटतं. पापणी उचलणारा स्नायू वेगळा आहे आणि त्याची नस तिसरी आहे. ती शाबूत असल्यानं डोळा उघडाच राहतो. मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरा भाग दिसतो. हे घाबरण्यासारखं नाही. उलट बुबुळाचं त्यानं रक्षणच होतं.

खरी काळजी आहे ती बुबुळ कोरडं पडण्याची. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. झोपताना डोळ्याचं घट्ट मलम आतून लावा, वरची पापणी बोटानं हळूच खाली ओढा आणि ती पूर्ण मिटल्यावरच मायक्रोपोर पट्टी चिकटवा. पट्टीखाली डोळा उघडला तर तीच बुबुळावर घासते. नुसता कापसाचा बोळा ठेवून बांधू नका, त्यानंही हेच होतं. पंखा तोंडावर नको. गाडीवरून जाताना बाजूंनी बंद असलेला चष्मा लावा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

चेहऱ्याला करंट देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. जोर लावून डोळे मिटण्याचा व्यायामही नको. आरशासमोर सावकाश, हलक्या हालचाली करा. नस पुन्हा वाढताना तंतू चुकीच्या स्नायूकडे गेले, तर डोळा मिटताना तोंडाचा कोपराही ओढला जातो.

इतर वाचकांसाठी : या दुखण्यात स्टिरॉइडची गोळी पहिल्या 72 तासांत सुरू झाली तर गुण जास्त येतो. मधुमेह असेल तर साखर चढते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. कानात फोड आले असतील तर नागिणीचं औषधही लागतं. तोंडाबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, बोबडी वळली, दोन-दोन दिसू लागलं किंवा तोल गेला, तर कपाळाला आठ्या पडतात का हे बघत बसू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात तडक न्या. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

प्रश्न : यंत्रमागावर रात्रपाळी करतो. खालची पापणी आठवडाभर लवते आहे. हाही नसेचा आजार का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. कमी झोप, जास्त चहा आणि ताण यांमुळे पापणी मिटवणाऱ्या स्नायूचे थोडे तंतू आपोआप थरथरतात. झोप पुरी करा, चहा कमी करा, बहुधा आपोआप थांबतं. मात्र दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडेनासे होत असतील किंवा गालही ओढला जात असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं.