पन्नास तास भरले, पण वर्गात काय बदललं?

कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमची मराठी माध्यमाची अनुदानित शाळा आहे. वर्षाला ५० तास प्रशिक्षण व्हावं असं म्हणतात. जूनमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं, सगळे सह्या करतात आणि पुढे काहीच घडत नाही. हे तास बसवायचे कसे? – एक मुख्याध्यापिका, वसई

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास धरले आहेत. सीबीएसईने त्यातले २५ बाहेरच्या प्रशिक्षणासाठी आणि २५ शाळेतल्या प्रशिक्षणासाठी ठेवले. राज्य मंडळाच्या शाळेला ही वाटणी लागू नाही, पण आखणीसाठी ती सोयीची आहे. खरा फरक पडतो तो शाळेतल्या २५ तासांनी, म्हणून आधी ते शाळेच्या वेळापत्रकात बसवा.

एक आड एक शनिवारी शाळा सुटल्यावर ७५ मिनिटांची बैठक ठेवा. वर्षात अशा १४ बैठका झाल्या की साडेसतरा तास होतात. प्रत्येक शिक्षकाने वर्षात दोनदा दुसऱ्याचा तास पाहायचा आणि दोनदा आपला तास दाखवायचा. तासाआधी १५ मिनिटं बोलणं, ३५ मिनिटांचा तास, नंतर २५ मिनिटं चर्चा, अशा चार फेऱ्यांचे पाच तास होतात. उरलेले अडीच तास एप्रिलमध्ये मुलांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका एकत्र बसून पाहण्यासाठी राखा.

एका सत्राला एकच विषय घ्या. 'अध्यापन सुधारणे' हा विषय होऊ शकत नाही. 'पाचवीच्या मुलांना असमान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज का जमत नाही' हा होतो. बैठकीला प्रत्येकाने तीन वह्या आणायच्या: एक चांगल्या मुलाची, एक मधल्याची, एक मागे पडलेल्याची. चुका फळ्यावर मांडायच्या, त्यातली एक निवडायची आणि पुढच्या पंधरवड्यात वर्गात काय वेगळं करायचं ते ठरवायचं. पुढची बैठक त्याच चुकीपासून सुरू करायची. व्याख्यात्याला बोलवायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर बोलवा. तोवर शिक्षकांकडे विचारायला नेमके प्रश्न तयार असतात.

बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे तास पाहून काढलेली टिपणं शिक्षकाच्या कामाच्या गोपनीय अहवालात जातात. मग शिक्षक पाठ करून ठेवलेला तास दाखवतात आणि खरी अडचण झाकून ठेवतात. आपल्या शाळांत मॅनेजर, म्हणजे संस्थेतर्फे शाळा पाहणारे फादर किंवा सिस्टर, वर्गात येऊन बसल्या की हा दबाव आणखी वाढतो. म्हणून तास पाहायला सहकारी शिक्षकच बसू दे आणि टिपणाचा कागद ज्याचा तास त्याच्याकडेच राहू दे. दुसरं म्हणजे तास पाहायला जाणाऱ्याचा ऑफ तास हमखास प्रॉक्सीत, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यात, जातो. तेव्हा त्या दिवसाची प्रॉक्सी आदल्या दिवशीच दुसऱ्याच्या नावाने लावून ठेवा.

प्रश्न : मी हिंदू आहे आणि गेली काही वर्षं कॅथलिक शाळेत शिकवते. आम्हाला दरवर्षी 'फॉर्मेशन'च्या, म्हणजे संस्थेची मूल्यं आणि श्रद्धा रुजवण्याच्या, शिबिराला बोलावतात. त्यात प्रार्थना, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) सगळं असतं. जायलाच हवं का? – एक शिक्षिका, मुंबई

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. शाळा कशासाठी काढली, गरीब आणि मागे पडलेल्या मुलाला तिथे पहिली जागा का, शिक्षा आणि शिस्त याबद्दल संस्थेची भूमिका काय, हे समजून घेणं तिथे शिकवणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे, त्याचा धर्म कोणताही असो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली शिक्षणावर काढलेल्या घोषणापत्रात म्हटलं आहे की कॅथलिक शाळेचं ध्येय साधणं मुख्यतः शिक्षकांवर अवलंबून असतं. त्यामुळे ही सत्रं चुकवू नका. मिस्सा, आराधना आणि पापनिवेदन मात्र श्रद्धेचे भाग आहेत. त्यांतला सहभाग ऐच्छिकच असायला हवा. भारतीय बिशप परिषदेने २०२४ मध्ये शाळांना दिलेल्या सूचनांतही इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर आपल्या धार्मिक परंपरा लादू नका, असं सांगितलं आहे. शिक्षकांना वेगळा न्याय लावण्याचं कारण नाही. शिबिराआधी तासवार कार्यक्रमपत्रिका मागा आणि कोणत्या सत्राला बसणार ते मुख्याध्यापकांना आधीच सांगा.

आयोजकांनाही एक सांगणं आहे. मिस्सा दोन सत्रांच्या मधे ठेवू नका. ती सकाळी पहिली किंवा सगळ्यात शेवटी ठेवा आणि ऐच्छिक असल्याचं निमंत्रणातच छापा. मधे ठेवली की उठून बाहेर जाणाऱ्या शिक्षकांकडे सगळ्यांच्या नजरा वळतात आणि उरलेला दिवस संकोचात जातो. फॉर्मेशनमध्ये अध्यापनाचा भाग असेल तर तो वर्गात वापरता आला पाहिजे. येशूसंघीयांनी (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने) १९९३ मध्ये मांडलेल्या अध्यापन पद्धतीत संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन अशा पाच पायऱ्या आहेत. नुसत्या भाषणाने त्या डोक्यात राहत नाहीत. शिक्षकांना आपल्याच पाठ्यपुस्तकातला एक धडा, समजा भूगोलातला पाण्याचा, या पाच पायऱ्यांत बसवायला द्या. त्याला दीड तास लागतो. बहुतेकांची गाडी चिंतनाच्या पायरीवर अडते, कारण तिथे ते मुलांना ठरलेलं उत्तर असलेला प्रश्न विचारतात. 'पाण्याचे स्रोत कोणते?' हा चिंतनाचा प्रश्न नव्हे. 'आपल्या वस्तीत पाण्यासाठी सगळ्यात जास्त वेळ कोण उभं राहतं, आणि तीच व्यक्ती का?' हा आहे.

प्रश्न : 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरची 'निष्ठा' शिक्षक-प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी चालतील का? आणि अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकाला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का?

नाही, चालणार नाहीत. बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ श्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवड श्रेणीसाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं. निवड श्रेणीला याखेरीज इतर अटीही आहेत.

टीईटीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितलं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवला आणि तो सुटेपर्यंत त्यांना यातून बाहेर ठेवलं. तरीही तरुण शिक्षकांनी ही परीक्षा देऊन ठेवावी. उद्या दुसऱ्या शाळेत जायचं झालं तर तिथे ती विचारतील, आणि प्रशिक्षणाचे तास कितीही असले तरी ते टीईटीची जागा घेत नाहीत.

प्रश्न : बालसुरक्षेचं प्रशिक्षण आम्ही दरवर्षी घेतो. त्यात नेमकं काय असावं?

पॉक्सो कायदा २०१२ चं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १९ आधी. गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, तर माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकालाच द्यावी लागते. मुख्याध्यापक, मॅनेजर किंवा बिशप यांना सांगितलं म्हणजे हे कर्तव्य पूर्ण होत नाही. आपल्या शाळांत सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, कारण वरच्यांना कळवलं की आपलं काम झालं अशी सवय अंगवळणी पडलेली असते. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दोन तासांपैकी निम्मा वेळ प्रसंगांवर द्या. मूल मधल्या सुट्टीत काही सांगू लागलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. मूल जे शब्द वापरेल तेच लिहायचे, वर तारीख आणि वेळ टाकायची. तपासाचे प्रश्न विचारायचे नाहीत आणि चार जणांसमोर तेच पुन्हा सांगायला लावायचं नाही, कारण त्याने मूल घाबरतं आणि जबाबही विस्कटतो. शिपाई, बसमधल्या मावशी, वसतिगृहाच्या वॉर्डन आणि पीटीचे बाहेरून येणारे प्रशिक्षक यांनाही बसवा. त्यांच्यासाठी हेच सत्र मराठीत घ्या, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक स्टाफरूमइतकाच मुलांच्या स्वच्छतागृहाजवळही लावा.