काचेची चप्पल कुणाची?

प्रश्न : परीकथेवर बेतलेली इंग्रजी फॅन्टसी कादंबरी बर्डीवरून आणली. चौदा वर्षांच्या मुलीनं पन्नास पानांत मिटून ठेवली. काय चुकलं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बहुधा मूळ कथा तिला नीट ठाऊक नसावी. ‘इथं काय बदललं’ हे ओळखण्यातच तर खरी गंमत! आधी मूळ कथा वाचू द्या. अर्ध्या तासाचं काम. उदाहरणार्थ, सिंड्रेला. काचेची चप्पल फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या सिंड्रेलात आहे. जर्मन लोककथा-संग्राहक ग्रिम बंधूंकडे (१८१२) ती सोन्याची, आणि पाय मावावा म्हणून सावत्र बहिणी टाच-बोटं कापतात. मग याच कथेवर बेतलेली मारिसा मेयरची कादंबरी ‘सिंडर’ (२०१२) द्या. नायिका सायबोर्ग (अर्धी माणूस, अर्धी यंत्र) मेकॅनिक. चपलेऐवजी काय निसटतं ते सांगत नाही. पुढं याच मालिकेतल्या ‘स्कार्लेट’, ‘क्रेस’, ‘विंटर’, याच क्रमानं. मधलाच भाग उचलला तर पात्रांचा गोंधळ उडतो.